सॅडलखालच्या पिकअपमधून चांगला आवाज कसा काढावा

अकूस्टिक गिटार मांडीवर घेऊन वाजवताना जो भरीव, मोकळा आवाज कानी पडतो, तोच जॅक लावून स्पीकरमधून ऐकला की पुष्कळदा पातळ आणि कोरडा वाटतो, आणि जोराने स्ट्रमिंग केले तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर नख आपटल्यासारखा वाजतो. अशा वेळी बहुतेक वादकांचा हात गिटारच्या बाजूला बसवलेल्या इक्वलायझरकडे (आवाजातले खालचे, मधले, वरचे भाग कमी-जास्त करणाऱ्या नॉबकडे) जातो. ट्रेबल खाली येतो, बास वर जातो आणि पातळ असलेला आवाज घुमू लागतो. मग तो घुमा आवाज उजळण्यासाठी पुन्हा ट्रेबल वाढवला जातो. हा खटाटोप टाळायचा असेल तर सुधारणेचा क्रम आवाजाच्या प्रवासाप्रमाणेच ठेवावा लागतो: आधी तारा आणि हात, मग सॅडल (फळीवर तारा जिच्यावर टेकतात ती अरुंद पट्टी), मग प्रीअ‍ॅम्प (क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) आणि केबल, आणि त्यानंतर इक्वलायझर. आधीच्या टप्प्यावर हरवलेली गोष्ट पुढच्या टप्प्यावर परत मिळत नाही, फार तर तिची उणीव झाकता येते.

दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारींमध्ये सॅडलच्या खाली पिएझो पिकअपची, म्हणजे कंपनाचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाची, एक बारीक पट्टी बसवलेली असते. काही स्फटिकांवर दाब आला की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले होते. गिटारमध्ये या गुणधर्माचा व्यावसायिक उपयोग १९७० च्या सुमारास अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने रूढ केला. या पिकअपचा स्वभाव समजून घेतला की पुढचे बरेच उपाय आपोआप सुचतात. तो सॅडलवर पडणारा दाब टिपतो, हवेतला आवाज टिपत नाही. गिटारची वरची फळी आणि आतली पोकळी मिळून आवाजाला जो भरणा देतात, त्यातला थोडाच भाग त्याच्यापर्यंत पोहोचतो. उलट तार छेडली जाण्याच्या क्षणी बसणारा धक्का त्याला अवाजवी मोठा जाणवतो. वादक ज्याला क्वॅक म्हणतात तो कर्कशपणा प्रामुख्याने या धक्क्यातून येतो.

म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय उजव्या हातात आहे. ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी जी ताकद लागते, ती जॅक लावल्यावर अनावश्यक असते, पण सवयीने हात तितक्याच जोरात पडतो. मध्यम जोराने वाजवावे आणि उरलेले काम स्पीकरवर सोपवावे. स्ट्रोक ब्रिजपासून (सॅडल ज्यात बसते त्या फळीवरच्या लाकडी भागापासून) दूर, ध्वनिछिद्राच्या फ्रेटबोर्डकडील कडेजवळ मारला तर आवाज गोल होतो. अर्धा मिलिमीटरचा पातळ पिक (तारा छेडण्याची पट्टी) तारेवर आपटताना जी टकटक करतो, ती पिएझो मोठी करून ऐकवतो. एक मिलिमीटरच्या आसपासच्या, गोलसर टोकाच्या पिकने ही टकटक बरीच कमी होते.

तारांच्या बाबतीत फॉस्फर ब्राँझ हा प्रकार पिएझोला अधिक मानवतो. डॅडॅरिओ कंपनीने तो १९७४ मध्ये बाजारात आणला, आणि ऐंशी टक्के तांबे व वीस टक्के जस्त असलेल्या जुन्या मिश्रधातूपेक्षा त्याचा आवाज उबदार असतो. मुळातच चकचकीत ऐकणाऱ्या पिकअपला आणखी चकचकीत तारा देण्यात शहाणपण नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नव्या तारा चढवण्यापेक्षा त्या दोन-तीन दिवस आधी चढवून वाजवून घेतलेल्या बऱ्या. सुरुवातीला बोटांना सोपे जावे म्हणून ०.०१० इंचाचा (पहिल्या तारेची जाडी) पातळ संच लावलेला असेल, तर गिटारची अवस्था चांगली असल्याची खात्री करून ०.०१२ इंचाकडे वळून पाहावे; जाड तारेचा ताण अधिक असल्यामुळे सॅडलवर स्थिर दाब राहतो आणि तार छेडल्यावर फार लपलपत नाही.

सॅडल आणि त्याखालची खाच

माझ्या मते ज्या गिटारी ‘खराब पिकअपच्या’ म्हणून विकल्या जातात, त्यांतल्या पुष्कळ गिटारींचा पिकअप निर्दोष असतो आणि दोष सॅडलच्या तळाशी असतो. तपासणी सोपी आहे. इक्वलायझरचे सगळे नॉब मधल्या खुणेवर ठेवावेत, सहाही तारा एकेक करून सारख्याच जोराने छेडाव्यात आणि स्पीकरमधून येणारा प्रत्येक तारेचा आवाज ताडून पाहावा. एखादी तार ठळकपणे दबलेली किंवा उसळणारी असेल, तर तिच्याखाली सॅडल आणि पिकअप यांचा स्पर्श नीट होत नाही असे समजावे. इक्वलायझर सर्व तारांवर एकत्रच काम करत असल्यामुळे हा दोष त्याने कधीही जात नाही.

दुरुस्तीसाठी तारा पूर्ण सैल करून ब्रिजच्या पिना काढाव्यात आणि सॅडल सरळ वर उचलावे. त्याची कोणती बाजू पहिल्या तारेकडे होती याची पेन्सिलने खूण करावी, कारण बहुतेक सॅडलची उंची आणि कडा दोन्ही टोकांना वेगळी असते. आता पोलादी मोजपट्टीची कड सॅडलच्या तळाला लावून दोन्ही उजेडासमोर धरावीत. मधून प्रकाशाची फट दिसली तर तळ सपाट नाही हे निश्चित झाले. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सॅडल त्यावर उभे धरून एकाच दिशेने घासावे; तळावर आधी पेन्सिलच्या रेघा ओढून ठेवल्या तर कोणता भाग घासला जातो आणि कोणता राहतो हे स्पष्ट दिसते. सॅडल काटकोनात धरणे महत्त्वाचे आहे; तळ तिरका झाला तर पिकअपवर एकाच कडेने दाब येतो आणि आधीचा दोष बरा होता असे म्हणण्याची वेळ येते. घासताना हेही ध्यानात ठेवावे की सॅडल एक मिलिमीटरने कमी झाले तर बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची अर्ध्या मिलिमीटरने घटते. म्हणून रेघा पुसल्या जाईपर्यंतच घासावे, त्याहून अधिक नाही.

सॅडल बाहेर आहे तोवर खाचही पाहून घ्यावी. तिच्यात लाकडाचा भुसा, जुन्या गोंदाचे कण किंवा नुसती धूळ साचलेली असते आणि पिकअपची पट्टी त्यावर उचललेली राहते. कोरड्या मऊ ब्रशने खाच साफ करावी, पण पट्टी वाकवू किंवा ओढू नये. तिची वायर खाचेच्या एका टोकाच्या भोकातून आत जाते, आणि त्या भोकाची कड तीक्ष्ण असेल तर पट्टी तेथे वर उचलली जाऊन शेजारच्या तारेचा आवाज बिघडतो. सॅडल खाचेत बोटांच्या साध्या दाबाने बसले पाहिजे. ते ठोकून बसवावे लागत असेल तर तारांचा दाब खालपर्यंत पोहोचत नाही, आणि ते पुढे झुकण्याइतके ढिले असेल तर दाब तिरका पडतो. एखाद्या तारेखाली कागदाची घडी सरकवून काम भागवण्याची पद्धत आहे; ती कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीसाठी ठीक, कायमचा इलाज म्हणून नव्हे. सॅडल प्लॅस्टिकचे आणि पोकळ असेल तर हाडाचे किंवा टस्कसारख्या भरीव कृत्रिम पदार्थाचे बसवण्याचा खर्च वाजवी आहे. परत जुळणी झाल्यावर तारा सुरात आणून गिटार एक दिवस तशीच ठेवावी आणि मग पुन्हा एकेक तार तपासावी.

आपल्या हवामानाचा येथे थेट संबंध येतो. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे याच्या बरीच वर असते. वरची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, आणि उन्हाळ्यात सहज निघणारे सॅडल खाचेत आवळून बसते. विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याच्या उलट घडते: लाकूड आकसते, फळी बसते, सॅडल ढिले होते. सॅडलचे काम शक्यतो अशा टोकाच्या दिवसांत करू नये. पावसाळ्यात गिटार कव्हरऐवजी कडक केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक असू द्यावा.

प्रीअ‍ॅम्प, बॅटरी, केबल

गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच आहे. बॅटरी उतरत आली की आवाज एकदम बंद होत नाही. आधी जोरदार स्ट्रोकवर तो फाटू लागतो, आणि हा फाटलेपणा क्वॅक समजून वादक इक्वलायझरशी झगडत बसतो. म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्यापूर्वी चांगली अल्कलाइन बॅटरी घालून पाहावी. बहुतेक गिटारींत जॅक लावताच प्रीअ‍ॅम्प सुरू होतो, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवली तर बॅटरी विनाकारण उतरत राहते. गिटार महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी काढून ठेवावी, कारण दमट हवेत ती पाझरली की तिच्या क्लिपलाच गंज चढतो.

काही पिकअप बिनबॅटरीचे असतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. विद्युतदृष्ट्या पिएझो एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा वागतो, म्हणून त्याला ज्या इनपुटमध्ये जोडावे त्याचा इंपीडन्स (विद्युत विरोध) जितका कमी, तितका खर्ज अधिक कापला जातो. पिकअपची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) एक नॅनोफॅरड धरली तर १० मेगओहम इनपुटवर ही कापाकापी साधारण १६ हर्ट्झच्या खाली होते, म्हणजे ऐकूच येत नाही. एक मेगओहमवर तीच सीमा सुमारे १६० हर्ट्झवर येते, आणि सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा व पाचव्या तारेचा ११० हर्ट्झचा मूळ स्वर दोन्ही दबतात. मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये थेट जोडल्यास उरते ती केवळ क्षीण, चिरकी खरखर. ‘पिकअप पातळ वाजतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इतके साधे असते. अशा पिकअपसाठी पाच ते दहा मेगओहम इनपुटचा बाहेरचा प्रीअ‍ॅम्प किंवा अ‍ॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारा डबा, घ्यावा. त्याची केबलही आखूड, तीन मीटरच्या आसपास असावी. इलेक्ट्रिक गिटारच्या मॅग्नेटिक पिकअपमध्ये लांब केबल ट्रेबल खाते, तर येथे केबलची धारिता सरसकट आवाजाची पातळीच खाली आणते.

गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प असेल तर ही चिंता उरत नाही आणि साधा पॅसिव्ह (विजेविना चालणारा) डीआय बॉक्सही उत्तम चालतो. डीआयमुळे सिग्नल बॅलन्स्ड होऊन मंचापासून मिक्सरपर्यंतच्या लांब केबलमध्ये गुणगुण कमी शिरते. जुन्या सभागृहांत आणि मांडवांत अर्थिंगचा भरवसा नसतो, म्हणून डीआयवर ग्राउंड लिफ्टचे (सिग्नल केबलची अर्थ-जोडणी तोडणारे) बटण असलेले बरे. ही गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा जो उपाय कधी कधी सुचवला जातो तो मात्र कदापि करू नये; गिटारच्या तारांना आणि माइकला एकाच वेळी स्पर्श होतो, आणि त्या दोहोंत विद्युतदाबाचा फरक असेल तर प्रश्न आवाजाचा राहत नाही.

स्पीकर कोणता, यावरही बरेच अवलंबून आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमधील स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर फारसे वाजतच नाहीत, त्यामुळे अकूस्टिक गिटार त्यातून कोंदट येते. ट्विटर असलेला अकूस्टिक अ‍ॅम्प किंवा सरळ पीए (सभागृहाची ध्वनिक्षेपण) यंत्रणाच वापरावी.

इक्वलायझर

येथवर सगळे जागेवर आले की इक्वलायझरचे काम थोडेच उरते, आणि ते बहुतांशी वजाबाकीचे असते. ते कसे ऐकावे हा पहिला प्रश्न आहे. गिटार मांडीवर असताना तिचा स्वतःचा आवाज कानावर येतच राहतो, त्यामुळे स्पीकरचा निवाडा करता येत नाही. जवळ लूपर पेडल (वाजवलेले साठवून पुन्हा पुन्हा ऐकवणारे) असेल तर ते गिटारनंतर लगेच, इक्वलायझरच्या आधी जोडावे, एक आवर्तन स्ट्रमिंगचे आणि एक बोटांनी छेडलेले असे त्यात साठवावे, गिटार खाली ठेवावी आणि श्रोत्याच्या जागी उभे राहून नॉब फिरवावेत. मात्र त्या वेळी गिटारवरचे नॉब मध्यावरच ठेवून मिक्सरचे किंवा अ‍ॅम्पचे नॉब फिरवायचे, कारण गिटारवर जे बदलाल ते साठवलेल्या आवाजात येणार नाही.

हे कार्यक्रमाइतक्या आवाजात करणे गरजेचे आहे. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून मांडले. घरी रात्री हळू आवाजात गोड वाटलेला बास मंचावर घुमतो तो याच कारणाने.

मिक्सरवर लो-कट (ठरावीक सीमेखालचा आवाज कापणारा फिल्टर) असेल तर तो ८० हर्ट्झवर लावावा. साध्या ट्युनिंगच्या गिटारमध्ये त्याच्या खाली स्वर नसतो, असते ती फळीवर हात आपटल्याची धडधड आणि मंचाची थरथर. त्यानंतर २०० हर्ट्झच्या आसपासचा फुगा पाहावा, कारण फळीचा मुख्य अनुनाद त्याच भागात असतो. दोन-तीन डेसिबलची घट पुरते. क्वॅकचा कर्कशपणा साधारण दीड ते तीन किलोहर्ट्झमध्ये सापडतो. मिडची (मधल्या भागाची) फ्रिक्वेन्सी बदलणारा नॉब असेल तर मिड आधी पूर्ण वाढवावा, फ्रिक्वेन्सी सावकाश फिरवत जावी, जेथे आवाज सर्वाधिक असह्य होतो तेथे थांबावे आणि मग मिड मध्याच्या खाली आणावा. दहा किलोहर्ट्झच्या आसपास किंचित वाढ दिली तर तारांना हवेशीरपणा येतो, पण आधी मिड कापून मगच हे करावे. तिन्ही नॉब वर गेलेले दिसले तर ते सगळे मध्यावर आणून व्हॉल्यूम वाढवणे हाच खरा उपाय असतो.

साथीला कोण आहे यावरही मांडणी बदलते. एकट्याच्या वादनात खर्ज राखावा. भावगीतांच्या मैफलीत तबल्याचा डग्गा आणि हार्मोनियम यांनी खालचा व मधला भाग आधीच व्यापलेला असतो, म्हणून तेथे गिटारचा बास एकटे वाजवताना उणा वाटेल इतका कमी केला तरच ती वेगळी उमटते. गोव्यात मांडो या गीतप्रकाराच्या साथीला गिटारबरोबर घुमट हे मातीचे तालवाद्य असते, तेथेही हेच करावे. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) थोडा द्यावा. त्याने पिएझोचा कोरडेपणा झाकला जातो, पण सभागृह स्वतःच घुमणारे असेल तर मुळीच नको. कॉम्प्रेसर (जोरदार आवाज दाबणारे साधन) लावायचाच असेल तर दाबण्याचे प्रमाण २:१ किंवा ३:१ पुरे.

फीडबॅक

आवाज वाढवताच स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून एखादा खालचा स्वर हुंकारू लागतो, तो बहुधा पोकळीतील हवेच्या अनुनादामुळे. ड्रेडनॉट या मोठ्या, रुंद आकाराच्या गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सहाव्या तारेवर मोकळ्या स्वरापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवत गेले की दुसऱ्या आणि पाचव्या फ्रेटच्या दरम्यान कुठेतरी गिटार छातीशी थरथरते; नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा) नेमका त्या स्वरावर लावावा. रबराचे झाकण ध्वनिछिद्रावर बसवणे हा जुना आणि कमालीचा परिणामकारक उपाय आहे. ते लावल्यावर गिटार जवळून ऐकताना मुकी वाटते म्हणून काही वादक ते टाळतात, पण पिकअपमधून ऐकणाऱ्या श्रोत्याला फरक थोडाच जाणवतो. फेजचे (सिग्नल उलटवणारे) बटण असेल तर दोन्ही स्थितींत ऐकून पाहावे. कोणती योग्य हे स्पीकरपासूनच्या अंतरावर ठरते, म्हणून जागा बदलली की पुन्हा तपासावे. अ‍ॅम्प पाठीमागे थेट गिटारच्या रेषेत ठेवू नये, थोडा बाजूला तिरका ठेवावा.

एवढे करूनही समाधान नसेल तरच पिकअप बदलण्याचा विचार करावा. के अँड के प्युअर मिनीसारखे पिकअप ब्रिजच्या खाली आतून चिकटवतात. त्यांत क्वॅक जवळजवळ नसतो, पण ते फीडबॅकला लवकर बळी पडतात, त्यामुळे शांत मैफलीसाठी उत्तम आणि ड्रमच्या शेजारी त्रासदायक. ध्वनिछिद्रात बसणारे मॅग्नेटिक पिकअप मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये निर्धास्त चालतात, फक्त त्यांचा कल इलेक्ट्रिक गिटारकडे असतो. एल. आर. बॅग्ज अँथमसारख्या संचात सॅडलखालचा पिकअप आणि आतला छोटा माइक एकत्र असतात. गिटारला हातच लावायचा नसेल तर फिशमन ऑरा किंवा टोनडेक्स्टर ही पेडल्स आहेत. त्यांच्यात माइकने टिपलेल्या गिटारच्या आवाजाचा ठसा असतो आणि पिकअपच्या सिग्नलवर तो चढवला जातो. टोनडेक्स्टरमध्ये तो ठसा आपल्याच गिटारचा, आपला माइक लावून घेता येतो. पेडल घेतल्यावर त्याचा सिग्नल आणि मूळ पिकअपचा सिग्नल यांचे मिश्रण अर्ध्यावरून सुरू करावे, कारण पूर्ण ठशावर फीडबॅक लवकर येतो.

कार्यक्रमाच्या ठिकाणी साउंड ऑपरेटरला तीन गोष्टी आधीच सांगाव्यात: गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प आहे की नाही, डीआय त्याचा की आपला, आणि डीआय अ‍ॅक्टिव्ह असल्यास त्या चॅनेलवर फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून मिळणारी वीज) हवी. गिटारचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवून आपण सर्वांत जोरात जे वाजवणार ते वाजवावे आणि त्यावर मिक्सरचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) लावून घ्यावा; नुसता एखादा हलका कॉर्ड छेडून साउंडचेक आटोपला तर पहिल्याच गाण्यात आवाज फाटतो. मॉनिटरमध्ये बास मुख्य स्पीकरपेक्षा कमीच मागावा. मध्येच गिटार बदलायची असेल तर चॅनेल म्यूट झाल्याची खूण मिळेपर्यंत जॅकला हात लावू नये.